वामन, पेन सापडला

वामन, पहिले कामाची गोष्ट सांगतो, बाकीचं मागून. पेन सापडला. एकावन्न डब्यांवर तुझं नाव माझ्या हातानं टाकलं. तेरवीले आलेल्या लोकांनी डबे उलटेपालटे करून पाहिले, नावावरून बोट फिरवलं, आणि एकानंही म्हटलं नाही की हे थकलेल्या हाताचं काम आहे. तू म्हटलं होतं. म्हणून तुले सांगून राहिलो.

तुझी पोरगी मंजू म्हणाली, मराठी मंडळाच्या अंकात पप्पांवर तुम्हीच लिहा. मी म्हटलं, मी नावं लिहितो, मजकूर नाही. तर म्हणते, "काका, नाम से शुरू कीजिए, बाकी आ जाएगा।" म्हणून बसलो आहे. तू कधी जन्मला, दुकान कधी काढलं, मंडळात कोणत्या पदावर होता, ते लिहिणारे दुसरे आहेत. मले त्यातलं काही येत नाही. मले तू येतो.

वाचणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. पेन म्हणजे शाईचा नाही. स्टीलच्या भांड्यावर नाव टाकायचा विजेचा पेन. आतमध्ये तांब्याच्या तारेचं कॉइल, पुढं पोलादी सुई. बटण दाबलं की सुई थरथरते, भांड्यावर बारीक ठिपके पडत जातात, आणि ठिपक्यांचं अक्षर होते. गोलबाजारात वामन लांजेवारच्या भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर, भांडं दोन गुडघ्यांत दाबून, मी चाळीस वर्षं हेच केलं. रायपुरातल्या मराठी घरांत लग्नाची, बारशाची, वास्तूची जी भांडी आहेत त्यांच्यावर माझं अक्षर आहे. ही बढाई नाही. स्वयंपाकघरात जा आणि काठाखाली पहा.

मी भंडाऱ्याकडून आलो तेव्हा मले हातोडी येत होती, अक्षर नाही. बाप पितळेचे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, ठोकायचा, मी त्याच्यासमोर बसून ठोकायचो. तुले नाव टाकणारा पाहिजे होता, मले काम पाहिजे होतं. तू विचारलं, "हात कसा आहे?" मी म्हटलं, "सरळ." वाचता येते का, हे तू विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तू चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचा, मी चित्र काढावं तसं ते भांड्यावर उतरवायचो. दोन महिने कोणाले पत्ता लागला नाही.

मग चौबे कॉलोनीतल्या ठोंबरेबाईंची बारा ताटं आली. तू चिठ्ठी लिहून माझ्यापुढं टाकली आणि जेवायले गेला. परत आला तोवर बाराही ताटांवर पूर्ण चिठ्ठी उतरली होती: सौ. ठोंबरे, चौबे कॉलोनी, अक्षर जरा मोठं काढजो.

बाई ताट हातात धरून उभी. तू ताटाकडं पाहून राहिला, मी तुझ्याकडं.

"शेठ, हे खाली काय आहे?"

"सूचना आहे, वहिनी," तू म्हणाला.

"कोणाले सूचना?"

"तेच विचारून राहिलो मी पण."

त्यांना बारा नवी ताटं दिली. ती जुनी बारा तू घरी नेली आणि तुझं घर त्यांत जेवलं. बाई गेल्यावर तू माझ्यासमोर पायरीवर बसला. मी मनात म्हटलं, आता हा मले हाकलते.

"काहून बे, वाचता येत नाही हे सांगायले काय झालं होतं?"

"तू विचारलं कुठं?"

"आणि विचारलं असतं तर?"

"तर म्हटलं असतं, येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार सुस्त पडला, तेव्हा तू एक परात पालथी घातली, खडू घेतला आणि त्याच्यावर "कमल" लिहिलं. बाराखडी नाही शिकवली तू मले. नावं शिकवली. कमल, विमल, मनोहर, दिगंबर. दिगंबरनं मले आठ दिवस रडवलं. वर्षभरात मी तुझ्याच चिठ्ठ्यांतल्या चुका काढायले लागलो, आणि तुले त्याचा राग यायचा. गिऱ्हाइकांपैकी कोणाले शेवटपर्यंत कळलं नाही. तू कोणाले सांगितलं नाही, घरी तुझ्या बायकोले, आपल्या वहिनीलेही नाही. तेरवीच्या दिवशी मी स्वतः वहिनीले सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणून ती ताटं मले कधी मोडीत नाही टाकू दिली."

याबद्दल मी तुले कधी एक शब्द बोललो नाही. विसरलो नव्हतो. बोललो असतो तर तू वर्षभर चिडवलं असतं. आता चिडवता येत नाही, तर लिहितो. तू शिकवलं. झालं लिहून.

पेन त्याच्या नंतरचा. नागपूरच्या व्यापाऱ्याकडून तू आणला होता. काळा, जड, मुठीत बरोबर बसणारा. पहिला पेन अक्षर खरवडायचा, हा अक्षर पेरायचा. त्याचा आवाज असा होता की पलीकडच्या गल्लीतून लोक म्हणत, किसन बसला आज. मग आपलं छत्तीसगड राज्य झालं, आणि लोक जुनी भांडी घेऊन आले. "रायपूर, म.प्र." लिहिलेलं आहे, त्याचं छ.ग. करून द्या. टाकलेलं नाव पुसता येत नाही, त्याच्यावरून वेल नेता येतो. मी म.प्र.च्या जागी पानाफुलांचा वेल काढला आणि पुढं छ.ग. टाकलं. तू गिऱ्हाइकांले सांगायचा, "राजधानीचं गाव आहे आता, पत्ता बरोबर पाहिजे." जशी राजधानी तूच मंजूर करून आणली.

राजधानी आली तसे कार्यालयवाले आले, त्यांच्या सत्काराच्या थाळ्या आल्या, आणि त्यांच्यामागं नाव कोरायची कॉम्प्युटरची मशीन आली. तिकडं आपल्या पेनच्या कंपनीनं पेन काढणंच बंद केलं. आपल्याले हे तेव्हा कळलं जेव्हा कॉइल पहिल्यांदा जळलं. मी भनपुरीले मोटारीचं कॉइल भरणाऱ्याकडं जाऊन ते भरून आणलं. दुसऱ्यांदा जळलं, परत भरून आणलं. तिसऱ्यांदा ते धनतेरसले जळलं.

त्या दिवसाचं सांगायले मले आजही बरं वाटत नाही. पायरीवर पाय ठेवायले जागा नाही, माझ्यापुढं भांड्यांची रांग, आणि पेनातून धूर. तू गल्ल्यावरून उठून आला, पेन हातात घेतला, वास घेतला, आणि सगळी भांडी त्या कॉम्प्युटरवाल्याकडं पाठवली. माझ्यासमोर. त्याचं मी काही म्हणत नाही, गिऱ्हाईक उभं होतं. पण मागून तू जे म्हटलं ते कशाले म्हटलं?

"राहू दे आता, किसन. पेन गेला. हातही थकला तुझा. मी मशीन घेतो, तू नुसता बस माझ्यापाशी."

"ज्या दिवशी मशीन आत येईल त्या दिवशी मी पायरीवरून उठलो समज."

"मग बसशील कुठं?"

"भंडाऱ्याले."

"भंडाऱ्याले कोण आहे तुझं?"

तेवढ्यावर मी बोलणं सोडलं. तीन आठवडे आपण फक्त चहा घेतो का आणि कुलूप लाव एवढंच बोललो. तू मशीन आणली नाही आणि मी उठलो नाही. नागपूरहून एक नवा पेन मागवला, तो प्लास्टिकचा, दाढीच्या मशीनवाणी हलका. स्टीलवर ठेवला की उड्या मारायचा. तू गल्ल्यावरून पाहायचा. तुझं ते पाहणं मले बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

आणि मग तू गेला. सकाळी, चहा पिता पिता. मी तेव्हा भनपुरीत त्या कॉइलवाल्यासमोर उभा होतो. तो म्हणून राहिला होता, "चाचा, इस माप का तार ही नहीं आता अब।" मी त्याच्याशी वाद घालून राहिलो होतो. आपलं शेवटचं बोलणं काय होतं ते मी आठवून पाहिलं. कुलूप लाव, हेच होतं.

तिसऱ्या दिवशी मंजूच्या घरी गेलो, तेलीबांध्याले. वहिनी आता तिच्यापाशीच आहे. मंजू नव्या रायपूरच्या कार्यालयातून येणारे फोनांवर फोन घेऊन राहिली होती, डोळे सुजलेले. आपल्यात तेरवीले नावाची भांडी वाटतात, ती तर वाटायचीच होती. ती म्हणाली, "काका, हम लेज़र से करवा रहे हैं। पापा की फोटो भी आ जाएगी डिब्बे पर।"

"फोटो?"

"हाँ, एकदम साफ आती है।"

"मंजू, डबा रोज घासतात. एकावन्न घरांत रोज सकाळी तारेच्या घासणीनं तुझ्या बापाचं तोंड घासतील."

ती रडता रडता हसली. वहिनी आतून म्हणाली, "बरोबर म्हणून राहिले भाऊजी." मी म्हटलं, नाव मी टाकतो. मंजूनं माझ्या हाताकडं पाहिलं. तुझ्यासारखंच पाहते ती, वामन. मग म्हणाली, "काका, आपका पेन तो जल गया ना?"

"दहाव्या दिवसापर्यंत थांब. नाही झालं तर फोटो काढ, माझाही काढ."

"ठीक है। दसवें दिन तक।"

सात दिवस. मी सगळी दुकानं पालथी घातली. शिक्के बनवणारा पाहिला, घड्याळवाला पाहिला, दात बसवणाऱ्या डॉक्टरपाशी जाऊन त्याची मशीन पाहायले मागितली, त्यानं मले खुर्चीवर बसवून तोंड उघडायले सांगितलं. प्रत्येकजण तेच म्हणे, बाबा, कॉम्प्युटरवर करून घ्या. मले प्रत्येकाच्या तोंडात तूच दिसून राहिला होता.

त्या सातांतल्या सहाव्या दिवशी परत भनपुरीहून येत होतो, रिकाम्या हातानं. रस्त्यात आठवडी बाजार भरलेला. भाजीच्या पसाऱ्यातून चालता चालता मले माझ्या पेनचा आवाज आला. खरंच सांगतो. तोच आवाज, थोडा जाडा. वळून पाहिलं तर गोदनावाली बसली होती, एका माणसाच्या दंडावर त्याच्या बायकोचं नाव गोंदून राहिली होती. हातात दोन कॉइलांची छोटी मशीन, पुढं सुई, बाजूले बॅटरी. मी तिथंच उकिडवा बसलो.

"का देखत हस, बबा? लिखवाबे का?"

"नहीं बाई. मशीन देखनी है."

"मसीन ला काबर देखबे?" काबर म्हणजे कशाले.

"मैं भी नाम लिखता हूँ. चालीस साल से. बर्तन पर."

ती हसली. म्हणाली, "बर्तन ला पीरा नइ होवय, बबा. तोर काम हलका हे." म्हणजे भांड्याले दुखत नाही, तुझं काम सोपं. चाळीस वर्षांत मले असं कोणी बोललं नव्हतं. तू सुद्धा नाही. मी पिशवीतून आपल्या जळक्या पेनाची सुई काढली आणि म्हटलं, ही तुझ्या मशीनले लाव आणि तुझा जेवणाचा डबा दे, मग दाखवतो हलकं का भारी.

तिलेही कामाचा किडा होता. हातातलं गिऱ्हाईक पुरं केलं, सुई दोऱ्यानं घट्ट बांधली, आणि डबा पुढं केला. नाव विचारलं तर मनटोरा. मी "म" सुरू केला आणि मशीन माझ्या हातातून निसटून डब्यावरून घरंगळत गेली. बकरीच्या लेंड्या पडाव्या तसे ठिपके. बाजूचा भाजीवाला हसला. मी परत धरली, परत तेच. मले घाम फुटला, वामन. तुझा शब्द खरा होऊन राहिला होता, भर बाजारात.

मनटोरानं माझं मनगट धरलं. "मसीन ला झन चला, बबा. चमड़ी ला चला." मशीन हलवू नको, चामडी हलव. ती दंड ताणून धरते आणि सुईखाली दंड सरकवते. मशीन जड असते, ती जागेवर राहते. मी आजवर भांडं गुडघ्यात पक्कं धरायचो आणि पेन चालवायचो. आता पेन पक्का धरला आणि डबा फिरवायले लागलो. उलटं काम. डाव्या हाताले पहिल्यांदा समजलं की तोही हात आहे. "न" बरा आला. "टो" चांगला आला. "रा" असा आला की मनटोरानं डबा हिसकून घेतला आणि स्वतःच्या ओढणीनं पुसला.

"कइसे हे?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"हव," ती म्हणाली. "पीरा नइ होवय, फेर काम भारी हे." दुखत नाही, पण काम भारी.

तिच्यापाशी एक जुनी मशीन होती, सासूची. तिच्या घरची सगळी भांडी पुढच्या बाजारी घेऊन ये म्हटलं, नावं टाकून देतो, आणि ती मशीन घेऊन आलो. बसमध्ये मांडीवर धरून आणली. पेन सापडला असं मी त्याच वेळी म्हटलं, तुले ऐकू आलं असेल नसेल.

मग दुकान उघडलं. चावी माझ्यापाशीच होती, तूच दिलेली. पायरीवर बसलो नाही, आत बसलो, कारण पायरीवर लोक विचारत शेठ कसे गेले. पहिला डबा घेतला आणि तिथं मी अडकलो. मजकुराची सुरुवात "कै." पासून. आजवर किती नावांच्या मागं कै. टाकलं असेल, ते मी कधी मोजलं नाही, हात आपसुक टाकायचा. तुझ्या नावामागं टाकायले हात तयार होईना. डबा फिरवला आणि "कै." उताराले लागल्यासारखं खाली गेलं. पुढचं "वामनराव" सरळ आलं, पण सुरुवात वाकडी ती वाकडीच. मशीनचा दोष नव्हता. मी तो डबा कपाटामागं ठेवला आणि दुसरा घेतला. दुसऱ्यावर कै. बसलं. तिसऱ्यावर चांगलं बसलं. दहाव्या डब्याले मी गुणगुणून राहिलो होतो, आणि मले त्याची लाज वाटली नाही. तुझ्या नावाचं काम होतं आणि ते चांगलं होऊन राहिलं होतं.

दहाव्या दिवशी दहा डबे घेऊन तेलीबांध्याले गेलो आणि मंजूच्या सोफ्यावर एका रांगेत मांडले. मंजूनं लेझरवाल्याचा नमुना बाजूले ठेवला. तुझा फोटो होता त्याच्यावर, चांगला होता, खोटं कशाले बोलू. वहिनीले मोतीबिंदू, तिनं फोटोवरून हात फिरवला आणि म्हणाली, "इथं तर काहीच नाही लागत." मग माझ्या डब्यावर बोट ठेवलं, आणि तिथंच ठेवून राहिली. मंजू दोघांकडं पाहून राहिली, म्हणजे आईकडं आणि डब्याकडं.

"काका, ये हाथ से किया है आपने?"

"मग काय पायानं?"

"मैं अभी फोन करके कैंसल करती हूँ।"

ऐक वामन. तिथं मी नुसता डब्यांची रांग सरळ करून राहिलो. पण जिन्यावर मी उभा राहिलो, आणि म्हातारपणी माणसानं जेवढं मोठ्यानं हसू नये तेवढं हसलो. पेन गेला होता, हे तुझं खरं. हात गेला नव्हता. तू अर्धा हरला. अर्धा हरणंही हरणंच असते, हे तूच मले शिकवलं, मंडळाच्या निवडणुकीत.

तेरवीले पन्नास डबे पुरणार नाहीत असं वाटलं, म्हणून तो वाकडा पहिला डबाही नेला, सगळ्यात खाली, ढिगाच्या तळाशी. लोक जेवले, डबे घेऊन गेले. दोघांनी विचारलं, पुढच्या महिन्यात लग्न आहे, नावं टाकून देता का. मी म्हटलं, दुकानात या, दहा वाजता उघडते. मंजू ऐकून राहिली होती. तिनं नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी मंजूनं घरासाठी एक डबा ठेवून घेतला. पाहतो तर तोच. वाकडा.

मी म्हटलं, "मंजू, तो बिघडलेला आहे. चांगला घे, हा दे मले."

"नहीं काका, मुझे यही चाहिए।"

"कै. वाकडं आहे त्याच्यावर. लोक काय म्हणतील, बापाच्या घरीच वाकडं नाव?"

"कहने दीजिए।"

"काहून पण?"

तिनं त्यात साखर भरली आणि ओट्यावर ठेवला. आता ये-जा करणारा प्रत्येकजण तिथं चहा घेईल आणि तुझ्या नावामागचं ते उताराले लागलेलं अक्षर पाहील, आणि विचारील हे कोणी टाकलं, आणि ती माझं नाव सांगील. एकावन्नातले पन्नास सरळ डबे लोकांच्या घरी, आणि वाकडा तुझ्या घरी.

मी परवा मशीन पिशवीत घालून तेलीबांध्याले जाणार आहे. सोबत कोरा डबा नेतो. वहिनीले सांगून ठेवलं आहे, ती माझ्या बाजूनं आहे. मंजू म्हणाली, "आइए काका, चाय पीजिए, डिब्बा नहीं दूँगी।" लांजेवारांची पोट्टी आहे, देणार नाही असं दिसते. पण मीही उठणार नाही.